बोर्दोची लाल वाइन: ओळखायची कशी, मुरवायची किती

फ्रान्सची चांगली लाल वाइन पहिल्यांदा हाती येते तेव्हा दोन प्रश्न पडतात. हिच्यात एवढं विशेष काय आहे? आणि ही उघडायची कधी? या दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. ज्या गुणांमुळे वाइनला स्वभाव येतो तेच गुण तिला वर्षानुवर्षं टिकवतात. म्हणून आधी चव घ्यायला शिकावं आणि वर्षांचा हिशेब मग मांडावा. उदाहरणासाठी मी फ्रान्समधला बोर्दो हा वाइनचा प्रदेश आणि त्यातला मेदॉक हा पट्टा घेतला आहे, कारण मुरत ठेवायच्या वाइनचं नाव निघालं की जाणकारांना पहिल्यांदा हाच भाग आठवतो.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करू. जितकी जुनी तितकी चांगली, हे सगळ्या वाइनना लागू नाही. बोर्दोत होणारी बहुतेक वाइन पाचेक वर्षांच्या आत पिऊन टाकायची असते. ठेवून फुलणाऱ्या बाटल्या थोड्या असतात, आणि त्या ओळखणं शिकता येतं.

पायरी १: जमीन समजून घ्या

गारोन आणि दोर्दोन्य या नद्या बोर्दो शहराच्या उत्तरेला एकत्र येतात आणि तिथून जिरोंद नावाची रुंद खाडी अटलांटिकला जाऊन मिळते. खाडीच्या डाव्या काठावर मेदॉक आहे. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून इथल्या दलदलीचं पाणी काढलं, आणि गोट्यांचे बुटके उंचवटे लागवडीला मिळाले. गोट्यांच्या जमिनीत पाणी थांबत नाही, मुळं खोल जातात आणि दिवसा तापलेले दगड संध्याकाळी वेलाला ऊब देतात. कॅबर्ने सोव्हिन्याँ ही उशिरा पिकणारी जात इथे नीट पिकते ती यामुळे. तिचे मणी लहान आणि साल जाड असते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, त्यामुळे दीर्घायुष्याची पहिली खूण याच जातीत सापडते. तिच्या जोडीला मर्लो मांसलपणासाठी, कॅबर्ने फ्राँ सुवासासाठी आणि कधी थोडी पती व्हर्दो रंग आणि धार यांसाठी मिसळतात.

पूर्वेला, दोर्दोन्यच्या उजव्या काठावर सँतेमिलियाँ आणि पोमरोल ही गावं आहेत. तिथे चिकणमाती आणि चुनखडी जास्त, म्हणून मर्लोचं राज्य आहे. त्या वाइन सहसा लवकर मऊ होतात. सहसाच, कारण पोमरोलची पेत्र्यूस जवळजवळ संपूर्ण मर्लोची असूनही अनेक दशकं टिकते.

नाशिक-सांगलीकडे ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना पुढचा मुद्दा लगेच पटेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि पावसाळा टळल्यावर तोडणी. बोर्दोत वेल हिवाळाभर निद्रेत असतो, छाटणी वर्षातून एकदाच होते आणि फळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतं. एप्रिलमध्ये दव गोठलं किंवा तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला, तर ते वर्ष हातचं गेलं. म्हणून तिथे बाटलीवरच्या सालाला एवढं महत्त्व आहे.

पायरी २: लेबल वाचा, पण त्याच्यापुढे दबू नका

लेबलवर तीन गोष्टी शोधा: गाव, साल आणि शातो म्हणजे मळ्याचं नाव.

मेदॉकच्या चार गावांची नावं लक्षात ठेवली तरी बरंच काम होतं. सँतेस्तेफच्या जमिनीत चिकणमाती अधिक, वाइन कणखर आणि तरुणपणी अंगावर येणारी. पोयाकमध्ये ब्लॅककरंट या लहान काळ्या आंबटगोड फळाचा दाट गंध आणि पेन्सिलला टोक करताना येतो तसा देवदारासारख्या लाकडाचा वास. मार्गोची ओळख सुवास आणि नाजूक पोत. सँ-झुलियाँ या सगळ्यांच्या मधोमध आहे. मला विचाराल तर नवख्याने इथूनच सुरुवात करावी, कारण तोल म्हणजे काय ते या गावच्या वाइनमध्ये सगळ्यात लवकर कळतं.

सालाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. २००९ हे उबदार वर्ष होतं, वाइन भरगच्च आणि लवकरच लाघवी झाल्या. लगेचच्या २०१० मध्ये फळ तेवढंच पिकलं, पण आंबटपणा आणि टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) दोन्ही जास्त होते. शेजारशेजारची ही दोन वर्षं एकाच मळ्याची चाखायला मिळाली तर एक आधी फुलते आणि दुसरी मागून, हे स्पष्ट दिसतं. २०१६ चा वसंत ओला गेला, मग लांबलेला कोरडा उन्हाळा आला. त्या वर्षीच्या चांगल्या मळ्यांची वाइन बिनधास्त राखून ठेवावी. २०१३ थंड आणि पावसाळी होतं, त्या वाइन हलक्या आहेत आणि आता त्या ठेवण्यात अर्थ नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये कडाक्याच्या थंडीने दव गोठलं आणि बऱ्याच बागांचे कोवळे फुटवे जळाले. असं वर्ष सरसकट टाकाऊ नसतं. खाडीला लागून असलेल्या बागा पाण्याच्या उबेमुळे बऱ्याच अंशी वाचल्या.

आता १८५५ च्या वर्गवारीबद्दल. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने मागवलेली ही यादी बोर्दोच्या दलालांनी बाजारभावावरून केली. लाल वाइनच्या मळ्यांचे पाच दर्जे ठरले. पहिल्या दर्जात तेव्हा लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ हे चार मळे होते, आणि त्यातला ओ-ब्रियाँ तर मेदॉकच्या बाहेरचा, ग्राव्ह या भागातला. १९७३ मध्ये मूताँ रॉथशिल्ड दुसऱ्या दर्जातून पहिल्यात आलं. (याच मूताँच्या २००९ च्या बाटलीवर मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं चित्र आहे. १९४५ पासून या मळ्याचं लेबल जवळजवळ दरवर्षी नव्या कलाकाराकडून येतं.) जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या भावांवरून आजची चव ठरत नाही. पाचव्या दर्जातल्या पोयाकच्या लँश-बाजला आज बाजारात दुसऱ्या दर्जाच्या कित्येक मळ्यांइतका मान आहे.

उदाहरण म्हणून एक मळा डोळ्यांसमोर ठेवा: सँ-झुलियाँचा शातो लेओव्हिल बार्ताँ. १८५५ च्या यादीत दुसऱ्या दर्जाचा. मूळचं आयरिश बार्टन कुटुंब १८२६ पासून तो सांभाळतं आहे. वाइनमध्ये कॅबर्ने सोव्हिन्याँचा मोठा वाटा असतो आणि ती ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत दीड वर्षाच्या आसपास राहते. तरुणपणी ही वाइन काहीशी घट्ट, अबोल वाटते. धीर धरणाऱ्याला ती भरभरून देते. मेदॉकचा जुन्या वळणाचा स्वभाव समजून घ्यायला याहून चांगली बाटली मला माहीत नाही.

हे खिशाला जड जात असेल तर दोन वाटा आहेत. मोठे मळे कोवळ्या वेलींच्या आणि वेगळ्या काढलेल्या पिंपांच्या वाइनमधून दुसरी बाटली काढतात. ती स्वस्त असते आणि लवकर तयार होते. किंवा चांगल्या वर्षाची क्र्यू बुर्जुआ, म्हणजे १८५५ च्या यादीबाहेरच्या मेदॉकच्या मळ्यांची वाइन घ्या. मोठ्या नावाची पडेल वर्षातली बाटली घेण्यापेक्षा साध्या मळ्याची चांगल्या वर्षातली बाटली केव्हाही बरी.

पायरी ३: चव घ्या आणि चार गोष्टी तपासा

ग्लास एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. जांभळट झाक असेल तर वाइन तरुण आहे, माणकासारखा लाल म्हणजे मधल्या वयाची, आणि कड विटकरी होऊ लागली की बरीच वर्षं मुरलेली. मग न हलवता वास घ्या, ग्लास फिरवा आणि पुन्हा घ्या. तरुण मेदॉकमध्ये ब्लॅककरंट, काळं चेरी, पिंपाची व्हॅनिला, भाजलेल्या लाकडाचा वास येतो. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास ठळक असेल तर कॅबर्ने पुरेशी पिकली नव्हती असं समजा. त्याची अगदी पुसट छटा मात्र मला आवडते.

पहिला घोट तोंडात फिरवा आणि हे चार प्रश्न स्वतःला विचारा.

फळ किती आहे? पिंपाच्या वासाखाली फळाचा गर जाणवला पाहिजे. मुरताना सगळ्यात आधी फळ कमी होतं, त्यामुळे सुरुवातीची शिल्लक मोठी हवी.

तुरटपणा कसा आहे? टॅनिन ओळखायला घरचा एक सोपा प्रयोग आहे. कोरा चहा दहा मिनिटं उकळा आणि बिनसाखरेचा प्या. हिरड्या आणि जीभ कोरडी पडते, ते टॅनिन. वाइनमध्ये ते किती आहे याहून कसं आहे हे महत्त्वाचं. भरपूर पण बारीक, मखमली दाण्याचं टॅनिन असेल तर उत्तम. ते खरखरीत असेल, घशाशी कडू होत असेल, तर वर्षं गेली तरी ते फारसं सुधारत नाही.

आंबटपणा आहे का? गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटलं पाहिजे. आंबटपणा वाइनला ताजं ठेवतो. तो नसेल तर वाइन दहा वर्षांत थकलेली, सपक लागते. २००३ च्या उष्णतेच्या लाटेतल्या बऱ्याच वाइनचं हेच झालं.

चव किती वेळ रेंगाळते? घोट गिळल्यावर मनात सेकंद मोजा. पाच-सहा सेकंदांत सगळं संपलं तर ती आजची वाइन आहे. वीस-तीस सेकंद चव बदलत बदलत राहत असेल तर तिच्यात आयुष्य आहे.

या चारांहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा आपसातला तोल. तरुणपणी बेढब असलेली वाइन पुढे आपोआप सुधारेल असं पुष्कळ लोक मानतात, आणि विक्रेतेही तसं सांगतात. मला हे पटत नाही. काळ वाइनला मऊ करतो, गुंतागुंत देतो, पण जे मुळात नाही ते आणून देत नाही. चांगली वाइन तरुणपणी बंद असेल, कडक असेल, पण तिचे सगळे भाग जागच्या जागी असतात.

एक खात्रीची युक्तीही आहे. अर्धी बाटली प्यायलात तर उरलेली ३७५ मिलिलीटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी चाखा. कालच्यापेक्षा मोकळी, गोड वासाची झाली असेल तर त्या वाइनच्या बाकीच्या बाटल्या निर्धास्त ठेवा. फिकी पडली असेल तर ठेवू नका.

पायरी ४: बाटलीत काय घडतं ते जाणून घ्या

बूच लागल्यावर वाइन थांबत नाही. टॅनिन आणि सालीतली रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जातात, त्यांचे रेणू मोठे होत जातात आणि काही साका होऊन तळाशी बसतात. म्हणून जुन्या वाइनचा रंग उतरतो आणि तुरटपणा मवाळ होतो. बुचातून आणि बुचालगत अगदी थोडा प्राणवायू मिळत राहतो. आम्लं आणि अल्कोहोल यांच्या संथ क्रियेतून नवे गंध तयार होतात. ब्लॅककरंट मागे सरतं आणि तंबाखूचं पान, जुनं कातडं, देवदार, सुकं अंजीर, पावसाने भिजलेला पाचोळा असे वास पुढे येतात. पिंपाची व्हॅनिला वाइनमध्ये विरघळून जाते. लोक इतकी वर्षं वाट पाहतात ती या गंधांसाठी.

मधे एक अडचणीचा काळ असतो. बाटलीत भरल्यावर पहिली दोन-तीन वर्षं फळ दरवळतं, मग कित्येक मोठ्या वाइन काही वर्षं मिटून बसतात. वास येत नाही, फक्त तुरटपणा लागतो. अशा वेळी बाटली उघडली तर नवख्याला वाटतं, पैसे वाया गेले. तसं नसतं, फक्त वेळ चुकलेली असते.

पायरी ५: वर्षांचा अंदाज बांधा

हे आकडे तोडणीच्या सालापासून धरा, आणि नीट साठवण गृहीत आहे. नुसतं बोर्दो असं लिहिलेली साधी वाइन: दोन ते पाच वर्षं. चांगल्या वर्षाची क्र्यू बुर्जुआ: पाच ते बारा. मोठ्या मळ्याची दुसरी बाटली: साधारण सहा ते पंधरा. वर्गवारीतला मळा, ठीकठाक साल: आठ ते अठरा. तोच मळा, २०१०, २०१६ सारखं साल: बारा ते तीस, काही त्याच्याही पुढे. पहिल्या दर्जाच्या मळ्यांची १९६१ किंवा १९८२ ची वाइन अजूनही लोक आनंदाने पितात.

लेओव्हिल बार्ताँची २०१६ मी बाराव्या वर्षाआधी उघडणार नाही. पहिली बाटली साधारण २०२८ ला, उरलेल्या पुढच्या दशकात.

बाटलीच्या आकाराचाही परिणाम होतो. दीड लिटरच्या मॅग्नममध्ये वाइनच्या मानाने हवा कमी असते, म्हणून ती सावकाश मुरते. ३७५ मिलिलीटरची अर्धी बाटली लवकर तयार होते. ज्यांना वाट पाहवत नाही त्यांनी अर्ध्या बाटल्या घ्याव्यात.

पायरी ६: साठवण

आपल्या हवामानात सगळं इथेच अडतं. बारा ते चौदा अंश सेल्सिअस, सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अंधार, हादरे नाहीत आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. पुण्या-मुंबईतल्या कपाटात वर्षाचे कित्येक महिने तापमान तीस अंशांच्या आसपास असतं. नागपूरच्या मे महिन्याबद्दल बोलायलाच नको. उष्णतेत वाइन लवकर पिकते एवढंच नाही, ती शिजल्यासारखी होते, फळाचा ताजेपणा जाऊन मुरंब्यासारखा वास येतो. शिवाय वाइन फुगून बूच वर ढकलते. अशा कपाटात मोठी बाटली एक उन्हाळासुद्धा ठेवू नका.

घरचा फ्रिज तात्पुरता चालतो, काही आठवडे. वर्षानुवर्षं नाही, कारण तो फार थंड आणि कोरडा असतो आणि त्याचं मशीन सतत थरथरतं. पाच वर्षांहून जास्त ठेवायचा विचार असेल तर वाइन कूलर घ्या आणि त्याला इन्व्हर्टरची जोड द्या. तेवढी सोय नसेल तर आधीच मुरलेली किंवा लवकर पिण्याजोगी बाटली घेणं शहाणपणाचं. लंडन, दुबई, न्यू जर्सी इथे राहणाऱ्या नातेवाइकांकडे बाटल्या ठेवायच्या असतील तरी हेच प्रश्न त्यांना विचारा. तळघर आहे का, हिवाळ्यात हीटरजवळ तर नाही ना?

विकत घेताना बाटली हातात घेऊन बघा. बूच वर आलेलं आहे का, बुचावरच्या आवरणाखाली चिकट ओघळ आहे का, वाइनची पातळी मानेत आहे की खांद्यापर्यंत उतरली आहे? दहा-पंधरा वर्षांच्या बाटलीत पातळी मानेतच हवी. दुकानाच्या शोकेसमध्ये दिव्याखाली उभी असलेली महागडी बाटली घेऊ नका, नाव कितीही मोठं असो. परदेशातून आणलेली बाटली प्रवासानंतर दोन-तीन आठवडे आडवी राहू द्या, मग उघडा.

पायरी ७: उघडणं आणि वाढणं

जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे साका तळाशी बसेल. वाइन सोळा ते अठरा अंशांवर वाढायची असते. लेबलावरच्या "रूम टेंपरेचर"चा अर्थ आपल्याकडची खोली नव्हे. कूलरमधून काढून वीस मिनिटांत उघडा. फ्रिजमधून काढली असेल तर तासभर थांबा.

वीस वर्षांपुढचं बूच ठिसूळ होतं. नेहमीचा स्क्रू त्यात शिरला की भुगा होतो. दोन पात्यांचा ओपनर बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून, फिरवत सावकाश ओढावा. ओला पुठ्ठा किंवा कुबट तळघर असा वास आला तर दोष बुचाचा आहे. वाइन कितीही मुरली तरी तो वास जात नाही. दुकानदाराला सांगा, चांगला असेल तर बदलून देतो.

आठ-दहा वर्षांची दणकट मेदॉक डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, दोन तास ठेवली की मोकळी होते. पंचवीस-तीस वर्षांची असेल तर फक्त साका वेगळा करण्यासाठी, मानेखाली टॉर्च धरून एका संथ धारेत ओता आणि लगेच वाढा. म्हाताऱ्या वाइनला जास्त हवा सोसत नाही. तिचा सुवास अर्ध्या तासातही उडून जाऊ शकतो.

जेवणाचं म्हणाल तर तांबड्या रश्शाच्या शेजारी ही बाटली ठेवू नका. तिखटाने टॅनिन अधिक बोचतं आणि मुरलेल्या वाइनचे नाजूक गंध पार झाकले जातात. पोयाकमध्ये कोकराचं भाजलेलं मटण हाच पारंपरिक जोडीदार आहे. घरी करायचं तर मटणाला आलं-लसूण, मिरी आणि मीठ पुरे. मंद आचेवर शिजवून शेवटी तुपावर खरपूस परतलेलं ते छान जमतं. चरबी आणि मीठ दोन्ही तुरटपणा मऊ करतात.

शक्य असेल तर एकाच वाइनच्या तीन बाटल्या घ्या आणि तीन-चार वर्षांच्या अंतराने उघडा. प्रत्येक वेळी कडेचा रंग, पहिला वास, तुरटपणा आणि चव किती रेंगाळली एवढं वहीत लिहा. दुसऱ्या बाटलीच्या वेळी पहिलीची नोंद बाटली रिकामी होईपर्यंत वाचू नका, नाहीतर जिभेऐवजी वहीच चव घेऊ लागते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की तिसरी कधी काढायची ते ठरवता येईल. फळ अजून पुढे असेल तर थांबा. पाचोळा आणि कातडं फळाच्या बरोबरीला आलं असेल तर त्याच वर्षी चार माणसं बोलवा आणि ती उघडा.